लोकसंख्येतला आजार मोजताना छेद कुठला घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका भागात वर्षभरात एका आजाराचे १२० रुग्ण नोंदले गेले, शेजारच्या भागात ४५. पहिल्या भागात आजार जास्त आहे असं म्हणता येईल का? आणि इन्सिडन्स, प्रिव्हॅलन्स, मृत्युदर, रिलेटिव्ह रिस्क यांपैकी कुठलं माप कधी वापरायचं?

एवढ्या माहितीवर काहीच म्हणता येणार नाही. १२० हा नुसता अंश आहे. तो किती माणसांमधून आला, किती काळात आला आणि त्या माणसांना हा आजार होण्याची शक्यता मुळात होती का, हे कळेपर्यंत त्याची ४५ शी तुलना करू नका. माझ्या मते साथरोगशास्त्रातल्या चुका अंशापेक्षा छेदात जास्त होतात, कारण रुग्ण समोर दिसतो आणि छेद शोधून काढावा लागतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १८५४ मधल्या लंडनच्या कॉलऱ्याचं आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट (एका सार्वजनिक पंपाच्या दूषित पाण्यातून आसपास कॉलरा पसरला) बहुतेकांना ठाऊक असते. मोजमाप शिकायचं असेल तर त्या पंपाचा शोध लावणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचं त्याच साथीतलं दुसरं काम पाहावं. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरातल्या सांडपाण्याने घाण झालेलं थेम्सचं पाणी उचलत होती. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली उचल वरच्या बाजूला, शहराबाहेर नेली होती. स्नोने मृत्यू झालेल्या प्रत्येक घरात पाणी कुठल्या कंपनीचं येतं याचा शोध घेतला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत १,२६३ मृत्यू झाले, लँबेथच्या घरांत ९८ आणि उरलेल्या लंडनमध्ये १,४२२.

इथेच थांबलं तर सगळ्यात वाईट अवस्था ‘उरलेल्या लंडन’ची दिसते. आता छेद घाला. पहिल्या कंपनीची घरं ४०,०४६, दुसरीची २६,१०७ आणि उरलेल्या लंडनची २,५६,४२३. म्हणजे दर १०,००० घरांमागे मृत्यू अनुक्रमे ३१५, ३८ आणि ५५. सगळ्यात मोठा आकडा असलेला गट मधल्या जागी आला आणि दोन कंपन्यांमधला फरक आठ पटींहून जास्त निघाला. छेद म्हणून माणसं न घेता घरं घेतली हेही बरोबरच होतं, कारण पाण्याची जोडणी घराला होती, माणसाला नव्हती. ज्या एककाला संसर्गाचा धोका पोहोचतो ते एकक छेदात घ्यावं.

कुठल्याही दरात चार गोष्टी पूर्ण लिहिलेल्या असाव्यात: अंशात कोण, छेदात कोण, काळ किती आणि गुणक कोणता (१००, १,०००, की १,००,०००). चारांतली एक जरी गाळली तरी तो आकडा दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही.

अंश ठरतो तो केस डेफिनिशनने, म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचं या लेखी व्याख्येने. तिच्यात लक्षणं, ठिकाण, कालावधी आणि लागू असेल तर तपासणीचा निकाल असतो. संशयित, संभाव्य आणि खात्रीचा अशा तीन पायऱ्या ठेवणं सोयीचं पडतं: सुरुवातीला जाळं मोठं ठेवायचं आणि विश्लेषणाच्या वेळी फक्त खात्रीचे आणि संभाव्य घ्यायचे. मात्र एक पथ्य पाळायलाच हवं. ज्या कारणाचा संशय आहे ते कारण व्याख्येत घालायचं नाही. ‘अमुक पदार्थ खाऊन उलट्या झालेली व्यक्ती’ अशी व्याख्या केलीत, तर त्या पदार्थाचा दोष तुम्ही तपासाआधीच सिद्ध करून ठेवलात.

व्याख्या मध्येच बदलली तर आलेख उडी मारतो आणि ती उडी आजाराची नसते. चीनच्या हुबेई प्रांतात १२ फेब्रुवारी २०२० या एका दिवसाच्या आकड्यांत १४,८४० नवे कोविड रुग्ण दाखवले गेले. त्यातले १३,३३२ हे प्रयोगशाळेच्या निकालाविना, लक्षणं आणि छातीच्या प्रतिमांवरून निदान केलेले होते. हा वर्ग मोजणीत त्याच दिवसापासून धरला गेला. असं झालं की आलेखावर त्या तारखेला उभी रेघ मारा, आणि शक्य असेल तर मागची आकडेवारीही नव्या व्याख्येने पुन्हा मोजा.

छेदात फक्त तीच माणसं हवीत ज्यांना तो आजार होऊ शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर काढताना पुरुष वगळायचे हे सगळ्यांना सुचतं. गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियाही वगळायला हव्यात हे कमी जणांच्या लक्षात येतं. जिथे ही शस्त्रक्रिया बऱ्याच जणींची झालेली असते, तिथे त्यांना छेदात ठेवलं की दर खोटा कमी दिसतो, विशेषतः वयस्क गटात. गोवर एकदा होऊन गेलेली मुलंही याच न्यायाने नव्या रुग्णांच्या छेदात बसत नाहीत.

आता इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्स. इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने आजारी पडलेले. प्रिव्हॅलन्स म्हणजे एखाद्या घडीला आजारी असलेले सगळे, नवे आणि जुने धरून. कारण शोधायचं असेल, साथ वाढते की उतरते हे पाहायचं असेल, लस उपयोगी पडली का हे तपासायचं असेल तर इन्सिडन्स. खाटा, औषधं, मनुष्यबळ यांचं नियोजन करायचं असेल तर प्रिव्हॅलन्स.

दोन्ही एकमेकांशी बांधलेले असतात. परिस्थिती स्थिर असेल आणि आजार फार पसरलेला नसेल, तर प्रिव्हॅलन्स साधारण इन्सिडन्स गुणिले आजाराचा सरासरी कालावधी इतका येतो. वर्षाला दर हजारी ५ नवे रुग्ण आणि आजार सरासरी ४ वर्षं टिकणारा, तर कुठल्याही दिवशी दर हजारी २० रुग्ण. यातून एक गोष्ट निघते जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते: चांगले उपचार आले की प्रिव्हॅलन्स वाढू शकतो. एचआयव्हीच्या औषधांनी नेमकं हेच झालं. माणसं जगू लागली, म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या वाढली. ती वाढ पाहून कार्यक्रम फसला असं म्हणणं चुकीचं आहे. त्यासाठी नवे संसर्ग पाहायला हवेत. उलट, झटपट मारणाऱ्या आजाराचा प्रिव्हॅलन्स कमीच दिसतो. म्हणून एकाच वेळच्या पाहणीतून, म्हणजे क्रॉस-सेक्शनल अभ्यासातून कारणं शोधताना जपावं. तिथे हाती लागतात ते आजारी पडूनही जगलेले आणि अजून बरे न झालेले.

इन्सिडन्सचेही दोन प्रकार आहेत आणि अहवालांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिला संचयी: सुरुवातीला निरोगी असलेल्यांपैकी ठरावीक काळात किती टक्के आजारी पडले. याला काळाचं एकक नसतं, पण काळ सांगावाच लागतो. ‘धोका १० टक्के’ हे वाक्य, वर्षाचा की आयुष्यभराचा ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. दुसरा व्यक्ती-वर्षांवर काढलेला दर. पाच जणांचा पाच वर्षं पाठपुरावा ठरला असं समजा. दोघे पूर्ण पाच वर्षं निरोगी राहिले (१० व्यक्ती-वर्षं), एक दुसऱ्या वर्षाअखेर आजारी पडला (२), एक चौथ्या वर्षाअखेर (४), आणि एक तीन वर्षांनी गाव सोडून गेला (३). बेरीज १९ व्यक्ती-वर्षं, रुग्ण २, दर १०० व्यक्ती-वर्षांमागे १०.५. नुसतं ‘पाचांपैकी दोन, ४० टक्के’ म्हटलं तर गाव सोडलेला माणूस उरलेली दोन वर्षं निरोगीच राहिला असं आपण गृहीत धरतो. व्यक्ती-वर्षांत तो जितका काळ आपल्या नजरेत होता तितकाच मोजला जातो. मात्र जे गळतात ते आजारामुळेच गळत असतील, तर हा हिशेबही वाचवत नाही. गळालेल्यांचं वय, लिंग आणि सुरुवातीची प्रकृती उरलेल्यांशी ताडून पाहणं म्हणूनच गरजेचं आहे.

छोट्या, बंदिस्त उद्रेकात अटॅक रेट वापरतात. नावात रेट असला तरी तो संचयी इन्सिडन्सच आहे. न्यू यॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चच्या जेवणानंतर झालेली विषबाधा जगभर शिकवली जाते, आणि ती आकडे मांडून पाहण्यासारखी आहे. जेवायला ८० जण होते, ७५ जणांच्या मुलाखती झाल्या, ४६ आजारी होते. नवशिका तपासनीस फक्त आजारी माणसांना विचारतो, ‘काय खाल्लं?’ ४६ आजाऱ्यांपैकी २९ जणांनी भाजलेलं हॅम खाल्लं होतं, म्हणजे ६३ टक्के. आकडा दखल घ्यावी असा वाटतो. पण हॅम खाणारे एकूण ४६ होते आणि त्यांतले २९ आजारी पडले (६३ टक्के). न खाणारे २९ होते आणि त्यांतले १७ आजारी पडले (५९ टक्के). म्हणजे खाल्लं काय आणि न खाल्लं काय, फरक नाही.

व्हॅनिला आइस्क्रीमची ओळ वेगळी आहे. खाणारे ५४, आजारी ४३, अटॅक रेट ८० टक्के. न खाणारे २१, आजारी ३, अटॅक रेट १४ टक्के. भागाकार केला की रिलेटिव्ह रिस्क ५.६. दोषी पदार्थ ओळखायच्या खुणा तीन: खाणाऱ्यांत दर जास्त, न खाणाऱ्यांत दर कमी, आणि बहुतेक रुग्ण त्या पदार्थाने समजावता येतात. इथे ४६ पैकी ४३. उरलेल्या तिघांबद्दल नेहमी विचारलं जातं. कुणी खाल्ल्याचं विसरतं, कुणाच्या ताटात एकाच चमच्याने दुसरा पदार्थ येतो, कुणाला त्याच दिवशी वेगळ्या कारणाने पोट बिघडतं. असे दोन-तीन अपवाद निघाले म्हणून निष्कर्ष मोडत नाही.

याच तक्त्यात चॉकलेट आइस्क्रीमची ओळ आहे. ती घाईने वाचली तर हसं होईल. खाणाऱ्या ४७ पैकी २५ आजारी (५३ टक्के), न खाणाऱ्या २७ पैकी २० आजारी (७४ टक्के). एकाचं उत्तर नोंदलेलं नसल्याने बेरीज ७४ येते. चॉकलेट आइस्क्रीम विषबाधेपासून वाचवतं का? नाही. ज्यांनी चॉकलेट घेतलं त्यांच्यात व्हॅनिला घेणारे कमी होते. याला कन्फाउंडिंग म्हणतात: तिसरी गोष्ट कारणाशीही जोडलेली, आजाराशीही जोडलेली, आणि ती मध्ये उभी राहून नसलेला संबंध दाखवते. उपाय साधा आहे. व्हॅनिला खाणारे आणि न खाणारे असे दोन थर करा आणि प्रत्येक थरात चॉकलेटचा अटॅक रेट वेगळा काढा. एकत्र आकड्यात दिसलेला संबंध थरांत विरला तर तो उसना होता. संगणकावर होणारं रिग्रेशन (अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी वेगळा काढणारी सांख्यिकी पद्धत) शेवटी हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं. पण कुठले थर पाडायचे हे विषय जाणणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

उद्रेकात आणखी एक काम आधी उरकायचं असतं, ते म्हणजे एपिडेमिक कर्व्ह. आडव्या अक्षावर लक्षणं सुरू झाल्याची वेळ, उभ्यावर रुग्णसंख्या. नोंदणीची तारीख घेऊ नका, नाहीतर सोमवारचे उंच स्तंभ रविवारच्या सुट्टीमुळे येतील. स्तंभाची रुंदी आजाराच्या अधिशयन काळाच्या (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या) पाव ते एक तृतीयांश ठेवावी. आठ दिवसांच्या अधिशयन काळाला आठवड्याचे स्तंभ काढले तर आकारच पुसला जातो. झपकन चढून उतरणारा एकच डोंगर एकाच वेळच्या सामायिक स्रोताकडे बोट दाखवतो. अधिशयन काळाच्या अंतराने वाढत जाणारे डोंगर माणसाकडून माणसाकडे पसरल्याचं सांगतात.

रिलेटिव्ह रिस्क दोन गटांतल्या धोक्यांचा भागाकार आहे, आणि तेवढ्यावर धोरण ठरवू नये. ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये सुरू केला. त्यातले जे आकडे वर्गात वापरतात ते असे: फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू धूम्रपान करणाऱ्यांत दर हजार व्यक्ती-वर्षांमागे १.३०, न करणाऱ्यांत ०.०७. भागाकार १८.६ पट. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू ९.५१ आणि ७.३२. भागाकार फक्त १.३ पट. आता वजाबाकी करा. कर्करोगाचे जादा मृत्यू १.२३, हृदयविकारांचे २.१९. म्हणजे धूम्रपान आणि कर्करोग यांचं नातं कितीतरी घट्ट, पण धूम्रपान थांबवल्याने वाचणारे जीव हृदयविकारांत जास्त, कारण तो आजार मुळात जास्त आहे. कार्यकारणभावाचा विचार करताना भागाकार पाहा, किती माणसं वाचतील हे सांगताना वजाबाकी. ‘धोका दुप्पट झाला’ अशी बातमी वाचली की मूळ धोका शोधा: दहा लाखांत एकाचे दोन झाले तरी दुप्पट, आणि शंभरात दहाचे वीस झाले तरी दुप्पट.

आजार विरळ असेल तर पाठपुराव्याला वर्षानुवर्षं लागतात. तेव्हा उलट्या दिशेने जातात: रुग्ण घ्या, त्यांच्यासारखेच पण तो आजार नसलेले कंट्रोल घ्या आणि दोघांचा भूतकाळ तपासा. डॉल आणि हिल यांनीच १९५० मध्ये हे केलं होतं. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे २ होते. दुसऱ्या आजारांसाठी रुग्णालयात असलेल्या ६४९ पुरुषांत २७. इथे रिलेटिव्ह रिस्क काढता येत नाही. रुग्ण आणि कंट्रोल किती घ्यायचे हे संशोधकाने ठरवलं, त्यामुळे ‘धूम्रपान करणाऱ्यांपैकी इतके टक्के आजारी’ हा छेदच खोटा आहे. कंट्रोल दुप्पट घेतले असते तर ती टक्केवारी बदलली असती. ऑड्स रेशो (रुग्णांत धूम्रपान करणारे भागिले न करणारे, याला कंट्रोलमधल्या तशाच भागाकाराने भागलेलं) बदलत नाही, म्हणून तो काढायचा: ६४७ गुणिले २७, भागिले २ गुणिले ६२२, म्हणजे १४.

हा ऑड्स रेशो ‘१४ पट धोका’ असा वाचता येतो तो फुप्फुसाचा कर्करोग विरळ आहे म्हणून. ऑस्वेगोच्या व्हॅनिलाचा ऑड्स रेशो काढून पाहा: ४३ गुणिले १८, भागिले ११ गुणिले ३, उत्तर २३. रिलेटिव्ह रिस्क मात्र ५.६ होता. निम्म्याहून जास्त लोक आजारी असताना ऑड्स रेशोला धोक्याची पट म्हणणं ही फार मोठी चूक आहे. आजार १० टक्क्यांच्या वर गेला की सावध व्हा.

कंट्रोल निवडणं हा या पद्धतीचा सगळ्यात नाजूक भाग. कसोटी एकच: या माणसाला तो आजार झाला असता, तर तो आपल्या रुग्णांच्या यादीत आला असता का? आला नसता तर तो कंट्रोल म्हणून चालत नाही. रुग्णालयातून कंट्रोल घेताना दुसरी अडचण येते. तिथे भरती झालेल्यांच्या इतर आजारांतही धूम्रपानाचा हात असू शकतो, म्हणून कंट्रोलमध्ये धूम्रपान जास्त दिसतं आणि ऑड्स रेशो प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. आठवणीचा पक्षपातही धरायला हवा: आजारी माणूस कारण शोधत मागचं आयुष्य खणत असतो, निरोगी माणूस पटकन ‘आठवत नाही’ म्हणतो. दोघांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, आणि शक्यतो समोरचा रुग्ण आहे की कंट्रोल हे माहीत नसलेल्या व्यक्तीने विचारावेत.

मृत्यूच्या मापांत गोंधळ आणखी जास्त. मृत्युदराच्या छेदात सगळी लोकसंख्या असते. केस फेटॅलिटीच्या छेदात निदान झालेले रुग्ण असतात, आणि संसर्ग मृत्यू प्रमाणाच्या छेदात निदान न झालेले धरून सगळे संसर्ग झालेले. रेबीजची लक्षणं दिसल्यावर केस फेटॅलिटी जवळजवळ १०० टक्के असते, तरीही ज्या प्रदेशात रेबीज नाहीच तिथला रेबीजचा मृत्युदर शून्य असतो. ‘झालेल्या मृत्यूंपैकी इतके टक्के या आजाराने’ हे तिसरंच काहीतरी आहे, आणि त्यातून कुणाचाही धोका कळत नाही: इतर कारणांचे मृत्यू कमी झाले की ही टक्केवारी आपोआप वाढते.

साथ चालू असताना केस फेटॅलिटी दोन्ही बाजूंनी फसवते. समजा रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होत आहेत आणि मृत्यू निदानानंतर सरासरी दोन आठवड्यांनी होतो. आज एकूण रुग्ण ४,०००, मृत्यू ५०. सरळ भागाकार १.२५ टक्के. पण हे ५० जण दोन आठवड्यांपूर्वीच्या १,००० रुग्णांतले आहेत, म्हणून खरं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. २००३ च्या सार्समध्ये सुरुवातीचे अंदाज याच कारणाने कमी आले. साथ संपल्यावरचा हिशेब ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के असा लागला. उलट बाजूने, सौम्य रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचतच नसतील तर छेद लहान राहतो आणि प्रमाण फुगतं. २००९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सुरुवातीला हेच झालं. ज्यांचा अंतिम परिणाम कळला आहे, म्हणजे जे बरे झाले किंवा दगावले, तेवढेच छेदात घेणं हा एक मार्ग आहे; पण बरे झाल्याची नोंद मृत्यूपेक्षा उशिरा होत असेल तर तोही वर ढकलतो.

दोन ठिकाणांची तुलना करताना वयाची रचना सगळ्यात आधी पाहावी. एक हिशेब करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. अ आणि ब ही प्रत्येकी एक लाख वस्तीची शहरं. अ मध्ये साठीच्या आतले ८०,०००, त्यांचा मृत्युदर हजारी २. साठीपुढचे २०,०००, दर हजारी ३०. मृत्यू १६० अधिक ६००, म्हणजे हजारी ७.६. ब मध्ये साठीच्या आतले ९५,०००, दर हजारी ३. साठीपुढचे ५,०००, दर हजारी ४०. मृत्यू २८५ अधिक २००, म्हणजे हजारी ४.८५. वरवर ब शहर निरोगी. पण नीट पाहा, दोन्ही वयोगटांत ब चा दर जास्त आहे. अ मध्ये नुसती म्हातारी माणसं जास्त आहेत.

यावर प्रमाणीकरण करतात. दोन्ही शहरांना एकच प्रमाण लोकसंख्या द्यायची, समजा साठीच्या आतले ९०,००० आणि पुढचे १०,०००. अ चे दर तिला लावले की १८० अधिक ३००, म्हणजे हजारी ४.८. ब चे लावले की २७० अधिक ४००, म्हणजे हजारी ६.७. चित्र उलटलं. लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे ४.८ आणि ६.७ हे कुठल्याही शहराचे खरे दर नाहीत, ते फक्त तुलनेसाठी आहेत. प्रमाण लोकसंख्या बदलली की आकडे बदलतात, म्हणून कुठली वापरली ते लिहायचंच. वयोगटनिहाय दर मिळत नसतील किंवा गट फार लहान असतील तर अप्रत्यक्ष पद्धत वापरतात: प्रमाण लोकसंख्येचे दर आपल्या लोकसंख्येला लावून अपेक्षित मृत्यू काढायचे, आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्यांनी भागायचं.

तपासणीची अचूकता हा मापनातला असा भाग आहे जो पाहणीच्या अहवालात हमखास सुटतो. सेन्सिटिव्हिटी (खऱ्या रुग्णांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात) ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती जण निगेटिव्ह येतात) ९५ टक्के अशी चाचणी कुणालाही चांगली वाटेल. १०,००० लोकांत खरा प्रिव्हॅलन्स १ टक्का आहे असं धरा. रुग्ण १००, त्यांतले ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ५ टक्के, म्हणजे ४९५ खोटे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यांत खरे रुग्ण ९०: फक्त १५ टक्के. तीच चाचणी २० टक्के प्रिव्हॅलन्स असलेल्या गटात वापरली तर २,२०० पॉझिटिव्हपैकी १,८०० खरे, म्हणजे ८२ टक्के. चाचणी बदलली नाही, छेद बदलला.

आणि पाहणीत दिसलेला प्रिव्हॅलन्स ५.८५ टक्के, खऱ्याच्या जवळपास सहा पट! हा दुरुस्त करता येतो. दिसलेल्या प्रिव्हॅलन्समध्ये स्पेसिफिसिटी मिळवा, १ वजा करा, आणि सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा १ ने भागा: (०.०५८५ + ०.९५ − १) भागिले ०.८५, उत्तर ०.०१. विरळ आजाराच्या पाहणीत स्पेसिफिसिटीतली एका टक्क्याची चूकही सगळा निकाल गिळून टाकते, म्हणून तिथे दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या चाचणीने खात्री करण्याची तरतूद सुरुवातीलाच ठेवा.

नमुना किती घ्यायचा? प्रिव्हॅलन्सच्या पाहणीसाठी १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी घेतला जाणारा आकडा) चा वर्ग गुणिले p गुणिले (१ − p), भागिले d चा वर्ग. p म्हणजे अपेक्षित प्रिव्हॅलन्स, d म्हणजे चालणारी चूक. p १० टक्के आणि d २ टक्के असेल तर ८६५ माणसं. ही संख्या सोडत काढल्यासारख्या साध्या नमुन्यासाठी आहे. वस्त्या निवडून प्रत्येकीतून काही घरं घेणार असाल तर डिझाइन इफेक्टने (अशा गटवार नमुन्यासाठी संख्या किती पट वाढवायची तो गुणक) गुणायला हवं, कारण शेजारी एकमेकांसारखे असतात. तो २ धरला तर १,७३०. दहा टक्के लोक भेटणार नाहीत असं धरून ०.९ ने भागलं की १,९२३. सगळ्यात जास्त दिसणारी चूक d मध्ये असते: १० टक्के प्रिव्हॅलन्सला २ टक्के चूक ठीक, पण अपेक्षित प्रिव्हॅलन्सच २ टक्के असताना d २ ठेवला तर उत्तर ‘० ते ४’ असं येईल आणि पाहणीचा खर्च वाया जाईल. जे भेटले नाहीत त्यांच्या जागी शेजारच्या घरातले घेऊ नका. नमुन्याचा आकडा भरतो, पण दिवसा घरी नसलेली सगळी माणसं गळतात आणि तो दोष नमुना कितीही वाढवून जात नाही. त्याच घरी पुन्हा, वेगळ्या वेळी जावं.

शेवटी लहान संख्या. गेल्या वर्षी ४ रुग्ण, या वर्षी ८, म्हणून ‘शंभर टक्के वाढ’ लिहिण्याआधी वर्गमूळ काढा. रुग्णसंख्येची निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल ढोबळमानाने तिच्या वर्गमुळाच्या दुपटीइतकी धरता येते. १०० रुग्ण असतील तर ८० ते १२० पर्यंतचा फरक काही सांगत नाही. ८ असतील तर २ ते १४ पर्यंतचा. अशा वेळी तीन किंवा पाच वर्षं एकत्र करून दर काढावा, किंवा शेजारचे भाग जोडावेत. आणि एकही रुग्ण सापडला नाही तर ‘शून्य टक्के’ एवढंच लिहून थांबू नका. ३ ला तपासलेल्या माणसांच्या संख्येने भागलं की वरची मर्यादा मिळते. ३०० जणांत शून्य सापडले, तर खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं. ते दर हजारी एकापेक्षा कमी आहे असं लिहायचं असेल तर निदान ३,००० जण तपासून शून्य यायला हवेत.